पेटी की पाटी

६ जानेवारी, मंगळवार

मी स्वयंपाकघरात, माधव हॉलमध्ये, मध्ये एक भिंत. तरी मेसेज: "दूध संपलं." रोमन अक्षरांत. त्या जुन्या बटणांच्या फोनवर त्याहून लांब मजकूर हा माणूस लिहीत नाही. सईने दिवाळीत पाठवलेला टचस्क्रीन कपाटात पडून. एकदाच वापरला. 'बरा आहे' असं लेकीला लिहायला गेला, फोनने परस्पर त्याचं इंग्रजी 'बार अहेड' करून टाकलं. लगेच स्वीडनहून सईचा फोन, "बाबा, तू कुठल्या बारमध्ये आहेस?" तेव्हापासून तो फोन बेइमान.

दुपारी एका अनोळखी मुलाचा फोन. कार्तिक. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोरमंगलाला छोटीशी कंपनी आहे, बटणांचा स्मार्टफोन काढायचाय म्हणतो. आमच्या टेलिफोन कारखान्यातल्या की-पॅड सेक्शनमधलं कुणीतरी शोधत होता, जुन्या सहकाऱ्याने माझा नंबर दिला. "मॅडम, बटण दाबल्यावर बोटाला जे कळतं ना, ते जमवणारी माणसंच आता सापडत नाहीत."

निवृत्त झाल्यापासून असं कुणी बोललं नव्हतं. विचार करून सांगते म्हटलं. विचार फोन ठेवायच्या आधीच झालेला होता.

९ जानेवारी, शुक्रवार

मत्तीकेरेहून कोरमंगला म्हणजे एक मेट्रो, मग दुसरी मेट्रो, मग ऑटो. ऑटोवाला "स्वल्प ट्राफिक, मॅडम" म्हणत राहिला. ते स्वल्प काही संपेना.

ऑफिस एका मोमोवाल्याच्या डोक्यावर. खाली पीजीतल्या पोरापोरींच्या दुचाक्या इतक्या की जिना शोधावा लागला. वर माणसं सात-आठ, पण ठरवणारी दोन. एक कार्तिक, इथलाच, कन्नड घरातला, तिशीच्या आतबाहेर. दुसरी मेघना, बेळगावची. स्क्रीनवर काय कसं दिसेल ते तिच्याकडे. मराठी ऐकून खूश झाली. "मी पण मराठीच की ओ मावशी, पण इथं कुणासंगट बोलू?" 'मी आलो, मी गेलो' म्हणते. सातारा सोडल्यापासून कानावर नव्हतं ते.

कार्तिकच्या खणात जुने बटणांचे फोन भरलेले. एक काढला, छताकडे बघत भराभरा टाइप केलं आणि मला दाखवलं. एक चूक नाही. "शाळेत बाकाखाली शिकलो. मास्तरांकडे बघत."

दोन नमुने करायचं चाललंय. एकात खाली पूर्ण कीबोर्ड, वर लहान स्क्रीन. दुसरा सगळा काचेचा. कागदावर त्यांना लांबलचक नंबर दिलेत, ते माझ्या लक्षात राहीनात. मी म्हटलं, हा पेटी, हा पाटी. मेघना हसली, कार्तिकला समजावलं. संध्याकाळपर्यंत सगळं ऑफिस पेटी-पाटी म्हणत होतं.

मग कार्तिकने विचारलं, "तुमचं मत, मॅडम?" पेटी ऐकायला तयार होऊन बसला होता. मी सांगितलं, "मला विचाराल तर काच बरी."

कार्तिक हसला. "मग तर तुम्हीच हव्यात."

सोमवारपासून. आठवड्यातून तीन दिवस.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शेजारून एळ्ळू-बेल्ला, म्हणजे इथला तीळ-गूळ-खोबऱ्याचा खाऊ, आलं, उसाच्या कांड्यासकट. आपला तिळगूळ त्यांच्याकडे गेला. माधवने दोन्ही एकत्र करून खाल्लं आणि हेच बरोबर आहे असं जाहीर केलं.

तिळाच्या वड्या थापताना अंगठा परत दुखला. डॉक्टर म्हणालेच होते, मुळाशी सांधा झिजलाय, दाबायची कामं कमी करा. आणि मी निघाले बटणं दाबायला.

एक गोष्ट मनात येते. मला काच आवडते ती काच चांगली म्हणून, की काचेला जोर लावावा लागत नाही म्हणून? हे मत माझं की अंगठ्याचं? ऑफिसमध्ये अंगठ्याबद्दल बोलले नाही अजून.

हे लिहितेय तेही फोनवरच. एका बोटाने, उजव्या हाताच्या तर्जनीने.

२० जानेवारी, मंगळवार

होसकोटेला गेलो, तिघं, मेघनाच्या गाडीने. इंडस्ट्रियल एरियात साचेवाल्याकडे. त्याने बटणांचे तीन प्रकार करून ठेवले होते. बटणाखाली पातळ धातूची घुमटी असते, सगळी मजा तिच्यात. दाबली की थोडी अडते, मग एकदम बसते. त्या अडण्यावर आणि बसण्यावर सगळं.

पहिलं नुसतंच वाजायचं. बोटाला काही कळायचं नाही. दुसरं असं की रुसलेल्या माणसाशी बोलतोय. तिसरं जवळपास. मी डोळे मिटले आणि सांगितलं, "घुमटी ठीक आहे. वरच्या प्लॅस्टिकचा खालचा टेकू जरा उंच हवा." साचेवाला म्हणाला ड्रॉइंगप्रमाणेच आहे. मी म्हटलं, "मग ड्रॉइंग बदलू."

त्याने जेवणाच्या सुट्टीत टेकू बदलून आणला. दाबलं.

काय सांगू! टक. अगदी ते. कार्तिक दाबतच बसला, जेवायला उठेना. मेघनासुद्धा म्हणाली, "मावशी, हे म्हणजे चटक लागायचं काम आहे की ओ."

परतताना अंगठा ठणकत होता आणि मी गुणगुणत होते. हात विसरलेला नाही. काचेच्या बाजूची मी, आणि दिवस सगळ्यात छान गेला तो बटणांमुळे.

२७ जानेवारी, मंगळवार

आज भांडण. चांगलं, मोकळं.

प्रश्न साधा: पेटीच्या बटणांवर अक्षरं कुठली छापायची? कार्तिक म्हणतो इंग्रजी. सगळ्यांना येतात, रोमनमध्ये लिहा, आत मेघनाचं सॉफ्टवेअर त्याचं कन्नड-मराठी करेल. मेघना उसळली. "म्हणजे माझ्या आजीनं कन्नड लिहायला आधी एबीसीडी शिकायची?" पाटीवर ती एका बोटाने कन्नड आणते, पुसते, देवनागरी आणते. छापलेलं बटण एकदा छापलं की जन्मभर तेच.

कार्तिक: "तुझ्या आजीला काचेवर नीट टाइप करता येतं?"

मेघना: "ती बोलून लिहिते."

कार्तिक: "मग तिला कीबोर्डच नको, ना काचेचा ना बटणांचा!"

यावर सगळेच हसलो, पण मुद्दा दोघांचाही बरोबर. मी जोडाक्षरांचं काढलं. 'ज्ञ' कुठे बसवणार? 'ळ' ला स्वतंत्र बटण की दुसऱ्याच्या खांद्यावर? कारखान्यात आमच्याकडे आकडे आणि स्टार-हॅश, संपलं. अक्षरांचा हा गुंता आमच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

मी विचारलं, दोन्ही का नको? काच, आणि खाली थोडी बटणं, आकड्यांपुरती. कार्तिक म्हणाला, "ना धड हे, ना धड ते." मेघना म्हणाली फोन चपलेएवढा होईल. निदान यावर दोघांचं एकमत झालं.

साचा एकच परवडणार. एक ठरवावंच लागणार.

१ फेब्रुवारी, रविवार

कार्तिकचं म्हणणं, ऑफिसात भांडून काय, माणसांच्या हातात देऊ. म्हणून सकाळी दोघांना यशवंतपूर मार्केटात नेलं, माझ्या नेहमीच्या फुलवाल्यांकडे. बहीण-भाऊ, दोघं साठीच्या घरात. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथलंच. त्यांचं मराठी निम्मं कन्नड. अक्काला लहानपणापासून दिसत नाही. गजरे तिच्याइतके घट्ट कुणी बांधत नाही. अण्णा तोलतो, पाणी शिंपडतो, गिऱ्हाईक सांभाळतो.

कार्तिक पेटी घेऊन थेट अक्कासमोर बसला. न दिसणाऱ्या माणसाला बटणंच सोयीची, यात त्याला शंका नव्हती. मलाही नव्हती, खरं तर.

अक्काने बटणांवरून बोटं फिरवली. "चांगलं आहे. पण मला नको बाई."

"का अक्का?"

"माझा फोन बोलतोय ना. काचेवर बोट नेलं की सांगतोय काय आहे ते. हे मुकं आहे. हे सगळं पाठ कोण करंल?"

पदर सारून स्वतःचा फोन काढला, टचस्क्रीनच. फोन तिला इतक्या वेगाने वाचून दाखवत होता की आम्हाला तिघांना एक शब्द कळेना. तिला सगळा. दोन मिनिटांत भाचीला मेसेज गेलासुद्धा. कार्तिकचं तोंड बघण्यासारखं झालं. मेघना मात्र फुलली होती.

तेवढ्यात अण्णा. मघापासून त्याचा फोन वाजत होता आणि तो पँटला बोटं पुसून पुसून उचलायचा प्रयत्न करत होता. ओल्या बोटांना काच दाद देईना. फोन वाजून बंद. "हे असंच! दिवसभर हात ओले. मोठं गिऱ्हाईक असंल तर गेलं की." कार्तिकने निमूट पेटी पुढे केली. अण्णाने ओल्या अंगठ्याने आकडे दाबले, बहिणीचा फोन वाजला. परत दाबले, परत वाजला.

"अगं अक्का, लागतंय बघ! ओल्या हातानं लागतंय!"

"सरी, कळलं, मला किती वेळा वाजवतोस?"

कार्तिकची कळी परत खुलली. पण अक्षरांकडे अण्णाने बघितलंही नाही. "हे इंग्लिश काय करू मी? मला नंबर बास."

परतताना गाडीत कुणीच जिंकलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या मांडीवर मोगऱ्याची पुडी. अक्काने पैसे घेतले नाहीत. मी मात्र खूश होते, का ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं की-पॅड केले, पण वापरणाऱ्याच्या शेजारी बसून कधी पाहिलं नव्हतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पेटीचा एक चालू नमुना घरी आणला. कार्तिक म्हणाला कुणीतरी रोज वापरायला हवं, ऑफिसबाहेरचं. माधवला दिला. त्याने आधी उलटा करून पाहिला, मग खुर्ची खिडकीकडे ओढली.

"हे मला माझ्या मनाप्रमाणे लिहू देईल का?"

"देईल. तुझे शब्द सुधारणार नाही. मेघनाने बंद केलंय ते."

"मुलगी हुशार आहे."

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. हॉलमधून: "दूध आहे. तरीही चहा कर."

म्हणजे प्रगती.

११ फेब्रुवारी, बुधवार

माधव दिवसभर खिडकीत. टकटक, टकटक. वाटलं बुद्धिबळ खेळतोय फोनवर. विचारलं तर "काही नाही."

अंगठ्याला आता पट्टा आहे. ऑफिसात विचारलंच मेघनाने. सांगून टाकलं, आणि हेही सांगितलं की माझं काचेचं मत कदाचित या पट्ट्याचं असेल. ती म्हणाली, "मग कार्तिकचं मत शाळेतल्या बाकाचं आहे आणि माझं माझ्या आजीचं. असू दे की."

हलकं वाटलं. उगीच एवढे दिवस धरून बसले होते.

१५ फेब्रुवारी, रविवार

सईचा फोन. नेहमीप्रमाणे आधी माझ्याशी. पण आवाज वेगळा.

"आई, बाबाला काय झालंय?"

मी घाबरले. "काय झालं?"

"रोज लिहितोय मला. लांबच्या लांब."

मला पत्ता नव्हता. तिने वाचून दाखवलं. आधी नको म्हणाली, मग वाचलं. "आज तुझ्या शाळेवरून गेलो. गेट बदललंय. पेरूवाली बाई नाही, तिचा मुलगा बसतो. मी पेरू घेतला, तिखट-मीठ लावून. आईला सांगू नकोस, तिला वाटतं मला खोकला आहे." आणखी एक, ती स्वीडनला गेली त्या दिवसाबद्दल. विमानतळावरून परत येताना हेब्बाळपर्यंत तो काही बोलला नव्हता, ते मला आठवतंय. मला वाटलं होतं थकलाय. त्यात त्याने लिहिलंय तो काय विचार करत होता. ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

दोघांचं आजवरचं बोलणं म्हणजे "बरी आहेस ना? आईला देतो." इतकंच. रागलोभ काही नाही, पण इतकंच.

फोन ठेवल्यावर त्याच्याकडे गेले. टकटक चालू होती. म्हटलं, "तुला खोकला आहे."

"कुणी सांगितलं?"

"पेरू खाल्लास."

हसला. मग म्हणाला, "काचेवर मला भीती वाटते. बोट कुठे टेकलं ते कळत नाही. टेकायच्या आधीच काहीतरी होऊन बसतं. इथे मी दाबलं तरच होतं. मग विचार करायला वेळ मिळतो."

सेक्शनमध्ये आम्ही दाब मोजायचो, अंतर मोजायचो, किती लाख वेळा दाबल्यावर घुमटी थकते ते मोजायचो. विचार करायला वेळ मिळतो, हे कुठल्या तक्त्यात नव्हतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज बिघडलं.

वेबसाइटसाठी छोटी फिल्म घ्यायची होती. मला खुर्चीवर बसवलं, मागे झाड ठेवलं, दिवे लावले. कार्तिकने लिहून दिलं होतं: मी आयुष्यभर बटणं बनवली, आणि मी सांगते, काचेवर टाइप करणं हे टाइप करणंच नव्हे.

मी म्हटलं, "हे मी म्हणणार नाही."

"मॅडम, नुसती एक ओळ आहे."

"माझ्या तोंडची आहे ना?"

मग म्हणाला, तुमच्या शब्दांत बोला. बोलले. मी बटणं बनवली, चांगली बनवली, अजून बनवते. पण नोकरीत सगळं इंग्रजीत. टिपणं, रिपोर्ट, सुट्टीचा अर्ज. मराठी लिहायचं हळूहळू सुटलंच. मग हातात काचेचा फोन आला, त्यात 'ळ' सापडला, आणि सईला पहिल्यांदा मराठीत लिहिलं. त्या दिवसापासून रोज लिहितेय. बटणांच्या फोनवर हे मला जमलं नसतं. मी बनवलेल्या बटणांवर तर नाहीच.

कार्तिकने हात वर केला, कॅमेरा थांबला. "यातलं आपल्याला काही वापरता येणार नाही." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. दिवे विझवले, निघून गेला.

मेघना मेट्रोपर्यंत सोडायला आली. "राग दोन दिवस राहतो त्याचा."

मला वाईट वाटलं. पण तेच परत विचारलं तर तेच परत बोलेन.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस उलटून गेले. कार्तिक कामापुरतं बोलतो. मी घुमट्या तपासत बसले. परतीच्या वाटेवर रस्ताभर गुलाबी फुलं पडलेली, झाडावर पान दिसत नाही इतका बहर. माधवला फोटो पाठवला. उत्तर आलं: "आपल्याही कोपऱ्यावर आहे. आल्यावर दाखवतो." आणि खरंच फाटकात उभा होता.

२८ फेब्रुवारी, शनिवार

थालीपीठं लावत होते, बेल वाजली. कार्तिक. न कळवता. माधवच्या नमुन्याची बॅटरी लवकर उतरते असं मी ऑफिसात बोलले होते, तर नवीन बॅटरी घेऊन इतक्या लांब मत्तीकेरेला.

माधव त्याला म्हणाला, "बॅटरी राहू दे, आधी बस. खाऊन घे." पहिल्या थालीपिठावर लोणी वाढल्यावर कार्तिक जरा मोकळा झाला.

"मॅडम, फिल्म परत पाहिली मी. तुम्ही खोटं काही बोलला नाहीत."

"मग रागावलास का?"

"मला वाटलं होतं निदान तुम्ही तरी माझ्या बाजूच्या असाल."

मग त्याने सांगितलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्याला बटणं का हवीत ते. टायपिंगचा वेग वगैरे नाहीच. "कॉलेजात असताना बसने जायचो. फोन खिशात. खिशातच टाइप करायचो आणि बाहेर बघायचो. आता तीच बस, तोच रस्ता, मला रस्त्यावर काय आहे माहीत नाही. काच मला वर बघू देत नाही."

माधव हळूच म्हणाला, "मी वर बघतच लिहितो हल्ली. समोरच्या गच्चीवर एक बाई कबुतरांशी भांडते रोज. त्यावर सईला दोन मेसेज झाले."

कार्तिकने त्याच्याकडे वळून खुर्चीच ओढली. मग दोघांचं सुरू झालं. स्पेसचं बटण जरा रुंद हवं, 'ए' ची कड बोटाला लागते, हे आणि ते. माधव निवृत्त शास्त्रज्ञ आहे याची मला बऱ्याच वर्षांनी आठवण झाली. मी चार थालीपीठं आणखी लावली.

जाताना कार्तिक दारात म्हणाला, "फिल्म आहे तशीच टाकतोय. मेघनाला म्हटलं, खाली नाव फक्त नीट लिही."

५ मार्च, गुरुवार

पाटीचाही नमुना आला. मेघनाने जीव ओतलाय. अक्षराजवळ बोट गेलं की काच अगदी बारीक थरथरते, आणि अक्षराच्या कडेवर वेगळी. माधवला दाखवला. त्याने डोळे मिटून बोट फिरवलं, बराच वेळ.

"हे फसवत नाही," म्हणाला. त्याच्याकडून ही मोठी शाबासकी.

"मग हा चालेल?"

"तसं म्हटलं का मी?"

अक्काकडेही नेला. तिला थरथर आवडली, म्हणाली गुदगुल्या होतात. अण्णाने ओला अंगठा टेकवला. काही झालं नाही. त्याने मेघनाकडे असं पाहिलं की तीच "सॉरी अण्णा" म्हणाली.

७ मार्च, शनिवार

साचेवाल्याला सोमवारी सांगायचं आहे. कार्तिक पेटीवर ठाम. मेघना पाटीवर ठाम. दोघांनी आज सकाळी ठरवून मला मधल्या टेबलाशी बसवलं.

"मॅडम, आमचं एकास एक आहे. तिसरं मत तुमचं."

मी म्हटलं, मी आठवड्याला तीन दिवस येणारी बाई, माझं कसलं मत. मेघना म्हणाली, "तुम्ही सांगाल ते आम्ही दोघं ऐकणार. लिहून देऊ काय?" आणि कार्तिकने मान हलवली. मनापासून.

कारखान्यात ड्रॉइंग वरून यायचं. आम्हाला विचारायचे कसं करणार, किती करणार, कधी देणार. कोणतं करायचं हे कुणी विचारलं नाही. मलाही ते कधी खटकलं नाही, कारण विचारतात हेच माहीत नव्हतं. आज विचारलं.

घरी येऊन माधवला सांगितलं. त्याने कौतुकाने पाहिलं आणि लगेच हात वर केले. "माझा विचार करून ठरवू नकोस. मी पुन्हा 'दूध संपलं'वर येईन, पण तू तुझं सांग." मग थोडं थांबून, "येणार नाही खरं तर. एकदा लिहायला लागलं की मग कशावरही लिहीन."

खरं बोलतोय की मला मोकळं करतोय?

८ मार्च, रविवार

आज काही ठरवलं नाही. सकाळी भाजी आणली, पडदे धुतले. सईशी बोलले, तिला विचारलं नाही. तिने आपणहून सांगितलंही नाही, फक्त म्हणाली, "आई, तुला मजा येतेय ना?" हो म्हटलं. येतेय.

अण्णाचा ओला अंगठा. मेघनाची आजी. बसच्या खिडकीतला कार्तिक. अक्का. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही. आणि कुठलाही निवडला तरी तो चांगलाच फोन होणार आहे, हे एक बरं. दोन्हींमध्ये माझा हात आहे.

९ मार्च, सोमवार

मेट्रोत. बसायला जागा मिळाली. मीटिंग अकराला.

माधव स्टेशनापर्यंत आला होता. सरकत्या जिन्यापाशी फक्त पदर नीट कर म्हणाला. इस्त्रीची नारायणपेठ नेसलेय. कारण काही नाही.

शेजारी एक मुलगी फोनवर दोन्ही अंगठ्यांनी इतक्या वेगाने लिहितेय की तिला काच आहे की बटणं आहेत याने काही फरक पडू नये. तिच्या पलीकडे एक गृहस्थ, एकेक अक्षर शोधत, ओठ हलवत. तो कुठे चुकतोय ते मला इथून दिसतंय. सांगावंसं वाटतंय, पण सांगत नाही.

काल रात्रीपर्यंत एक बाजू जड होती, सकाळी चहाच्या वेळी दुसरी. आता दोन्ही नाहीत, आणि तरीही भीती वाटत नाहीये. तिथे पोचल्यावर दोघं समोर बसतील, मी तोंड उघडेन, आणि जे निघेल ते माझंच असेल.

आर. व्ही. रोड आलं. इथे गाडी बदलायची. बाकीचं मीटिंगनंतर.